लाल पथारीवर लाल बख्तर

खेळणं धुऊ नये. ही एवढी एक गोष्ट मला कोणी वेळेवर सांगितली असती, तर आज नंदुरबारच्या मिरचीबाजारातून मी मान वर करून चाललो असतो. हल्ली मी मागच्या गल्लीने जातो. तरीही मिरच्यांचे देठ खुडत बसलेल्या बायांपैकी एखादी हळूच "बख्तर बदल" म्हणतेच, आणि बाकीच्या तोंडाला पदर लावून खिदळतात. सरकारी कचेरीत बारनिशीला बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक टपालावर शिक्का मारणारा मी इसम. माझ्या सहीशिवाय कागद पुढे सरकत नाही. पण बाजारात मला आता कोणी त्या नात्याने ओळखत नाही.

बख्तर म्हणजे टीव्हीवरच्या कार्टूनमधला एक रोबो. दिसायला तो आगीचा बंब. आग लागली आणि कोणी "बख्तर बदल" ओरडलं की त्याची शिडी दुभंगून हात होतात, चाकं खांद्यावर चढतात, पोटातून डोकं निघतं आणि बंबाचा वीर होऊन उभा राहतो. त्याचं खेळणं माझ्या मेव्हण्याने, तौहिदने, सुरतहून माझ्या लेकीसाठी आणलं. तौहिद रिक्षा चालवतो. दुपारच्या वेळी गिऱ्हाईक नसलं की आमच्याकडे येऊन भाचीबरोबर कार्टून बघतो. पहिल्या मालिकेत बख्तर बंब असतो, दुसरीत क्रेन होतो, सिनेमात समुद्रात पडल्यावर त्याचं जहाज होतं, हे सगळं त्याला तोंडपाठ. दहावीला इतकं पाठ केलं असतं तर आज तो माझ्या शेजारच्या टेबलावर असता. असो.

या खेळण्यात एक करामत होती. त्यात मालकाने आपली हाक भरून ठेवायची. मग तीच हाक, त्याच आवाजात ऐकली की बंब आपोआप उठायचा, रोबो व्हायचा आणि म्हणायचा, "बख्तर हाजिर!" दुसऱ्या कोणी कितीही बोंबललं तरी तो हलायचा नाही. माझ्या लेकीने, लायबाने, हाक भरली ती पांघरुणात शिरून. ती हाक काय, हे आम्हा नवरा-बायकोलाही तिने सांगितलं नव्हतं. बख्तरला उठवायचं असलं की ती त्याला घेऊन न्हाणीघरात जायची आणि दार लावून घ्यायची.

लायबा घरात पोपटासारखी बोलते, पण शाळेत गप्प. पूर्वी अशी नव्हती. यंदा तिला नव्या शाळेत घातलं. पहिल्याच आठवड्यात बाईंनी चित्र दाखवून विचारलं, "हे काय आहे?" लायबा घरच्या बोलीत म्हणाली, "गाय शे." सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून तिने शाळेत तोंड उघडलेलं नाही. फोनवर नाही, दुकानात नाही, पाहुण्यांसमोर तर नाहीच. मी घरात आधीपासून शुद्ध मराठीचा आग्रह धरणारा. माझी बायको मदिना रोज सकाळी लेकीला उठवताना "ऊठ व माय, सकाय व्हयनी" म्हणते आणि मी दाढी करता करता आरशातूनच दुरुस्ती करतो, "सकाळ झाली, म्हण." मदिना त्यावर चहाचं भांडं आपटते.

शेवटी बाईंनी मला बोलावून घेतलं. बाई भल्या. म्हणाल्या, "सोमवारी तोंडी परीक्षा आहे. एक तरी वाक्य तिने सगळ्यांसमोर बोललं पाहिजे. नाही बोलली तर तिला खालच्या वर्गात बसवावं लागेल, माझाही इलाज नाही." मग त्यांनीच विचारलं, ती कोणाशी बोलते? मी म्हटलं, बख्तरशी. बाई म्हणाल्या, "मग बख्तरला घेऊन या. आमच्याशी नको, त्याच्याशी बोलू दे. आम्ही ऐकू."

घरी हे ऐकून लायबा हसली. कितीतरी दिवसांनी तिने आपणहून दप्तर भरलं. बख्तरसाठी वरचा कप्पा रिकामा ठेवला.

आता परीक्षेला जायचं म्हणजे नीट जायला हवं. बख्तरच्या अंगावर वरणाचे डाग होते, एका चाकात भाताची शितं होती. रविवारी सकाळी लायबा झोपलेली असताना मी त्याला बादलीत बुडवला, साबण लावला, जुन्या ब्रशने घासला. लख्ख झाला. टॉवेलने पुसताना त्याच्या पोटातून घळघळ पाणी आलं. मी त्याला हलवलं तर आणखी आलं. मग त्याच्या डोळ्यांतले दिवे एकदा मिणमिणले आणि विझले.

मदिना दारात उभी होती. ती म्हणाली, "काय करी ऱ्हायनात तुम्ही?"

"काही नाही. धुतोय."

"त्यामा सेल शेत, लायबाना अब्बा!"

ती इतक्या जोरात ओरडली की गल्ली जमा झाली. आमच्या गल्लीला सल्ला द्यायची हौस आहे आणि मी सरकारी माणूस असल्याने मला तो जास्तच दिला जातो. कोणी म्हणालं, केस वाळवायच्या यंत्राने फुंका. कोणी म्हणालं, गरम तव्याजवळ धरा. समोरच्या म्हातारीने बाळंतिणीच्या शेगडीचा धूर द्यायला सांगितला. तौहिद रिक्षातून उतरता उतरताच म्हणाला, "दुल्हेभाई, तांदूयमा पुरा. मोबाईल भिजना तं तेच करतस." तेवढं शास्त्रोक्त वाटलं म्हणून मी बख्तरला तांदळाच्या डब्यात घातला. थोड्या वेळाने काढला तर तांदूळ ओला झाला होता आणि बख्तर होता तसाच.

इतक्यात शेजारचे चुनीलालभाई आले. मिरचीचे व्यापारी. त्यांची गावाबाहेर पथारी आहे, म्हणजे मिरच्या वाळत घालायचं मैदान. हंगामात नजर पोचेल तिथवर लाल. चुनीलालभाईंनी डब्यात डोकावून पाहिलं आणि त्यांना वाईटच वाटलं.

"अनीसभाऊ, नंदुरबारमा ऱ्हाईसन तांदूय? मन्ही पथारीवर टाका त्याले. खालतून जमीन तापस, वरतून ऊन, नि मिरची आजूबाजूनं पानी वढी लेस. मन्ही सून गाद्या वाळवस तठे, पापड वाळवस. सांजले कडक व्हई जाई."

हे पटलं. आमच्या गावात पटण्यासारखंच होतं ते. वाळवण म्हटलं की पथारी, यात कोणाला शंका येत नाही. एवढ्या गलक्यातही लायबा गाढ झोपली होती. ती उठायच्या आत मी बख्तरला पिशवीत घालून तौहिदच्या रिक्षाने पथारीवर नेला. एका कोपऱ्यात मिरच्या बाजूला सारून मोकळी जागा केली, बख्तरला उताणा ठेवला आणि पाणी सगळीकडून ओढलं जावं म्हणून त्याच्या भोवतीने, पोटावर, गळ्याशी मिरच्या नीट रचल्या. वर कागदावर लिहून ठेवलं, "हात लावू नये. हुकुमावरून." कचेरीत हे वाक्य लिहिलेल्या वस्तूला वर्षानुवर्षं कोणी हात लावत नाही, असा माझा अनुभव आहे. कागद उडू नये म्हणून मी त्यावर खडा ठेवला आणि घरी जेवायला गेलो.

लाल वस्तू लाल मिरचीत ठेवतोय, हे त्या वेळी तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

दुपार कलल्यावर मी आणि तौहिद परत गेलो. कोपरा दिसला. कोपऱ्यात नुसती जमीन होती. झाडून साफ केलेली, खराट्याच्या रेघांसकट. मी माझी पिशवी हातात धरून तिथे उभा राहिलो. डोळ्यांपुढे मिरच्या दिसत नव्हत्या, लायबाच्या दप्तरातला तो रिकामा कप्पा दिसत होता.

पथारीवरच्या बायांची पुढारीण रुक्मिणीबाई, ती पायाने दाबून दाबून पोती भरत होती. तिला विचारलं.

"त्या कोपराना माल भरायी गया कव्हयच," ती म्हणाली. "थोडा ढीगमा गया, बाकी पोतासमा."

"तिथे कागद होता. त्यावर लिहिलं होतं."

"कागद उडी ऱ्हायंता. तुम्हना व्हता का? मी चूल पेटाले लई ठेवा."

ढीग माझ्या डोक्याएवढा होता. शिवलेली पोती भिंतीला टेकून ओळीने उभी. मी ढिगात हात घातला आणि पहिली शिंक आली. मग दुसरी. मग मी मोजायचं सोडलं. तौहिद म्हणाला, "हात नका घालू, दुल्हेभाई. त्याले हाक मारा. सुकना व्हई तं जवाब दी."

"पण हाक लायबाच्याच आवाजात लागते. आणि ती कोणती, तेही ठाऊक नाही."

"मंग लायबाना आवाज काढा. हाक कार्टूनमानीच व्हई."

मी आजूबाजूला बघितलं. पथारीवर निदान चाळीस बाया होत्या. मी घसा साफ केला आणि कचेरीत शिपायाला बोलावताना लागतो तो आवाज लावून म्हणालो, "बख्तर बदल." ढिगाने काही उत्तर दिलं नाही.

"असं नही. बारीक. लाडमा."

मी बारीक केला. तो अधिक बारीक करायला सांगू लागला. शेवटी मी डोळे मिटून, टाचा उंचावून, सात वर्षांच्या मुलीच्या आवाजात ओरडलो, "बख्तर बदल!" पथारीवरचे सगळे हात थांबले. मग एक बाई हसली आणि तिच्यामागून अख्खी पथारी. रुक्मिणीबाई पोत्यातून पडता पडता वाचली.

तौहिदला त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्याला आता आठवलं की दुसऱ्या मालिकेत बख्तरला वेगळी हाक आहे आणि लायबाने तीच भरली असेल. "'ज्वालावीर, जाग' असं म्हना." मी म्हटलं. "सिनेमामा मंग 'लाल तुफान' म्हनतस." तेही म्हटलं. ढिगाकडे तोंड करून म्हटलं, पोत्यांना कान लावून म्हटलं. प्रत्येक पोत्यापाशी वाकून मी एक किंकाळी फोडायची, मग दोघांनी कान लावायचे, मग दोघांनी शिंकायचं. तौहिद मध्येच सांगत होता, "एक भागमा बख्तर ज्वालामुखीखाल गाडायी जास, दुल्हेभाई. सगळा समजतस तो मरी गया. मंग त्यानी दोस्त पोरगी येस नि..." मी त्याला गप्प बस म्हणालो. ते ऐकवत नव्हतं मला.

तेवढ्यात रुक्मिणीबाई हसू आवरून जवळ आली. "भाऊ, एक पोतं दाबतांना पायले काही कडक लागनं व्हतं. मले वाटनं ढेकूय शे."

"कुठलं पोतं?"

"ते तं गाडीमा गयं."

गाडी नुकतीच निघाली होती. गुजरातेतल्या एका मसाल्याच्या गिरणीकडे. म्हणजे उद्या सकाळी लायबा दप्तर घेऊन दाराशी उभी राहील तेव्हा बख्तरचा तिखट मसाला झालेला असेल.

मी पळत चुनीलालभाईंकडे गेलो. ते वजनकाट्यापाशी बसले होते. सकाळचे शेजारी चुनीलालभाई ते हे नव्हते.

"गाडी थांबवा," मी म्हणालो.

"कशी थांबाडू? काटा व्हयना, पावती फाटनी. भरेल पोतं उघाडं करं का वजन बदलस, नि वजन बदलनं का मन्ही साख जास."

"अहो, एक खेळणं काढायचंय."

"तुम्ही अर्ज लिखी द्या, अनीसभाऊ. गिरनीवाल्याले फोन करीसन देखसू, दोन-तीन दिनमा."

अर्ज लिहून द्या! हे वाक्य मी आयुष्यात किती लोकांना तोंडावर फेकलं असेल. दुसऱ्याच्या तोंडून ते इतकं कडू लागतं याची कल्पना नव्हती. मी म्हटलं, "चुनीलालभाई, लायबाची उद्या परीक्षा आहे. बख्तर नसला तर ती बोलणार नाही." त्यांनी लायबाला अंगाखांद्यावर खेळवलेलं. पूर्वी ती त्यांच्या ओट्यावर बसून त्यांनाच दरडावायची. मग त्यांनी फोन काढला. लावला. पुन्हा लावला.

"रूपसिंग गाडी चालाडतांना फोन लेत नही," ते म्हणाले. "त्यानी सवयच शे तशी. चांगला ड्रायव्हर शे. पन विसरवाडीले चहाले थांबस. त्यानी पुढे मंग तो थांबत नही."

तौहिदने रिक्षा सुरू केली होतीच. मी म्हटलं, घराकडे घे. लायबाशिवाय जाऊन उपयोग नव्हता. ट्रकभर पोत्यांमधून नेमकं पोतं सापडायचं तर बख्तरनेच सांगायला हवं होतं, आणि तो फक्त तिचंच ऐकणार होता.

घरी लायबा दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. मदिनाने तिला सांगून टाकलं होतं. मी आत गेलो तर तिने माझ्याकडे पाहिलं आणि दप्तराचा रिकामा कप्पा बंद केला. ओरडली असती, रडली असती तर बरं झालं असतं. मी खाली बसून म्हटलं, "चल. बख्तर ट्रकमध्ये आहे. तू हाक मार, तो उठेल." ती उठून रिक्षात बसली. मदिना तिच्या शेजारी. मी पुढे तौहिदच्या सीटवर अर्धा.

नंदुरबारहून विसरवाडी रिक्षाने गाठणं हा मूर्खपणा आहे, आणि तो करताना मला पूर्ण कल्पना होती. रिक्षा चढणीला लागली की तौहिद पुढे झुकायचा आणि आम्हा सगळ्यांना झुकायला लावायचा. प्रत्येक ट्रकला मागून गाठावं तर तो कापसाचा निघायचा, केळीचा निघायचा, उसाचा निघायचा. एकदा लाल ताडपत्री दिसली आणि मी अर्धा बाहेर लोंबकळून "थांबा!" ओरडलो. तो मंडपवाल्याचा टेम्पो होता. सूर्य उजव्या बाजूला टेकत चालला होता. मला एकच हिशोब सुचत होता, रूपसिंगचा चहा किती गरम असेल.

"लायबा," मदिना मागे हळूच म्हणाली, "कितला लोक ऱ्हातीन तठे, तू बोलशी ना?"

लायबा तिच्या कानात काहीतरी कुजबुजली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"ती म्हनस, लोकेसमोर नही."

मी मागे वळून काहीतरी समजावणार होतो. मदिनाने डोळ्यांनीच गप्प केलं. मी पुढे तोंड करून बसलो.

विसरवाडीला हमरस्त्याच्या कडेला ट्रकच ट्रक. हॉर्न, एसटीची घरघर, टायरवाल्याचा हातोडा, हॉटेलात लावलेली गाणी. तौहिदने ओळीने गाड्या बघितल्या आणि ओरडला, "ती दखा!" चुनीलालभाईंच्या नावाची पोती ताडपत्रीखालून दिसत होती. चहा पिऊन रूपसिंग केबिनमध्ये चढतच होता. मी धावलो आणि जाऊन सरळ गाडीच्या पुढे उभा राहिलो. बारनिशीतला माणूस मालट्रकच्या पुढे छाती काढून उभा राहिलेला विसरवाडीने त्याआधी पाहिला नसेल.

रूपसिंग खाली उतरला. जाडजूड मिशांचा, शांत गडी. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्याने ते ऐकलं, लायबाकडे बघितलं, आणि चुनीलालभाईंना फोन लावला. "शेट, अठे एक साहेब शे, म्हनस पोतामा मानूस शे." मी म्हटलं, माणूस नाही, रोबो. "शेट, मानूस नही, काही दुसरं शे." चुनीलालभाईंचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता, उघड बाबा उघड, पण नेमकं तेच पोतं उघड, सगळी उसवशील तर बघ.

"कोनतं?" रूपसिंगने विचारलं.

"ते हीच सांगेल," मी म्हणालो.

त्याने लायबाला उचलून थेट पोत्यांच्या वर, ताडपत्रीवर उभं केलं. मला हे नको होतं. आता ती सगळ्या विसरवाडीला दिसत होती. चहावाले, ड्रायव्हर, एसटीतले उतारू, भजीवाला, सगळे ट्रकभोवती जमले. ट्रकवर पोर का चढवली म्हणून कोणी विचारत होतं, कोणी मोबाईल काढला. लायबाने ओढणी दोन्ही मुठींत धरली आणि ती खाली बघत राहिली.

"बोल, बेटा," मी म्हणालो.

तिचे ओठ हलले. काही ऐकू आलं नाही. हॉर्न वाजतच होते. रूपसिंगने हात वर केला आणि असा काही ओरडला की गाणी बंद झाली, हातोडा थांबला, एसटीवाल्यानेसुद्धा इंजिन बंद केलं. तो मदत करत होता, पण त्याने घोटाळा वाढवला. आता तिथे अशी शांतता होती की त्यात तिचा श्वासही ऐकू यावा. तिला आणखी भीती वाटली असणार. मलाच वाटत होती.

ती काहीतरी पुटपुटली. पोती ढिम्म.

"जोरमा, भाची!" तौहिद म्हणाला.

पुन्हा. किंचित मोठ्याने. काही नाही. गर्दीत कोणीतरी हसलं, आणि मी पाहिलं, लायबाने ते ऐकलं. तिचा चेहरा शाळेतल्यासारखा मिटत चालला. मी मनात म्हटलं, संपलं. तो सुकलाच नसेल, बादलीतच गेला असेल, आणि मी हिला पुन्हा एकदा सगळ्यांच्या हसण्यासमोर आणून उभं केलंय. मी तिला उतरवायला हात वर केले.

तेव्हा तिने माझ्याकडे बघितलंच नाही. तिने मान मागे टाकली, डोळे घट्ट मिटले आणि सगळ्या विसरवाडीला ऐकू जाईल असं ओरडली,

"ऊठ रे भो! सकाय व्हयनी!"

मदिनाने तोंडावर हात ठेवला.

आधी काहीच झालं नाही. मग आतून कुठूनतरी घुर्र आलं. मधल्या ओळीतलं एक पोतं थरथरलं. पुन्हा थरथरलं, एका कडेला फुगलं, शिवण तटकन तुटली आणि मिरच्यांचा एक लोंढा खाली आला. त्यामागून एक लाल हात बाहेर पडला. रूपसिंग एवढा मोठा गडी, दोन पावलं मागे सरून भजीवाल्याच्या अंगावर गेला. आणि पोत्यातून, घशात मिरची अडकल्यासारखा आवाज आला, "बख्... तर... हाजिर!"

विसरवाडीने टाळ्या वाजवल्या. लायबा ताडपत्रीवरून घसरत खाली आली आणि तिने त्याला ओढून काढला. अर्धा बंब, अर्धा वीर. एक हात शिडीच राहिलेला, मानेच्या सांध्यात मिरची, चाकांत बिया. तिने त्याला छातीशी धरला. मिरचीचे हात डोळ्यांना लागले, तिचे डोळे चुरचुरले, मग तौहिदचे, मग मदिनाचे. मीही रडलो. मिरचीमुळे असं म्हणायची सोय होती, पण मिरची माझ्या डोळ्यात गेलेली नव्हती.

रूपसिंगने पोतं पुन्हा भरून शिवलं. चुनीलालभाईंची साख जाऊ नये म्हणून त्याने सांडलेली एकूण एक मिरची आम्हाला वेचायला लावली. मी हमरस्त्यावर उकिडवा बसून वेचली आणि शिंकत वेचली.

परतताना लायबाने बख्तरला हाक मारली. तो उठला नाही. पुन्हा मारली. त्याच्या डोळ्यांतले दिवे लागले नाहीत. तौहिदने रिक्षा थांबवून सेल काढले, पुसले, उलटे घातले, सुलटे घातले. त्या एका हजेरीत त्याचं आतलं जे काही उरलं होतं ते संपलं होतं. सकाळी लेकीला काय सांगावं, हेच मनात घोळवत मी नंदुरबारपर्यंत आलो.

सोमवारी मी आणि मदिना शाळेच्या खिडकीबाहेर उभे होतो. पालकांनी वर्गाजवळ थांबू नये, अशी पाटी होती. हुकुमावरून. मी पाटीकडे पाठ करून उभा राहिलो.

लायबाची पाळी आली. तिने बख्तरला दप्तरातून काढला आणि बाईंच्या टेबलावर ठेवला. तसाच, अर्धा बंब, अर्धा वीर. बाईंनी चित्र वर धरलं. तेच गायीचं. त्या प्रेमाने म्हणाल्या, "लायबा, बख्तरला सांग बरं, हे काय आहे?"

लायबा गप्प. मी खिडकीचा गज धरला. मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं.

मग ती म्हणाली, "बाई, बख्तरना घसा बसी गया. कालदिन मन्हासाठी तो जोरमा बोलना." ती वर्गाकडे वळली. "म्हनीसन आज मीच बोलसू."

तिने चित्राकडे बोट केलं.

"ही गाय शे. नि ती चरी ऱ्हायनी."

एक वाक्य मागितलं होतं, तिने दोन दिली. सवयीने माझं तोंड उघडलं, "आहे" म्हणायला. मदिनाने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तो शब्द तिथेच राहिला आणि त्याच्या जागी एक सणसणीत शिंक बाहेर पडली. सगळा वर्ग खिडकीकडे बघून हसला. लायबा सगळ्यांत मोठ्याने हसली.